केइको आणि नात्सुकी यांना एकाच मापाने मोजू नका

जपानी लेखिका सायाका मुराता यांच्या कादंबऱ्यांची चर्चा निघाली की ‘समाजात न बसणाऱ्या बायका’ म्हणून ‘कन्व्हीनियन्स स्टोअर वूमन’मधली केइको आणि ‘अर्थलिंग्ज’मधली नात्सुकी यांची सरसकट मोट बांधली जाते. एकीविषयीचे मत दुसरीवर बिनदिक्कत लादण्याचा हा प्रकार आता थांबायला हवा.

केइको बहुतेकांना ठाऊक आहे: वय ३६, अविवाहित, एकाच दुकानात १८ वर्षे अर्धवेळ नोकरी. २०१६ मध्ये या कादंबरीला अकुतागावा पारितोषिक हा जपानमधला मानाचा साहित्य पुरस्कार मिळाला. नात्सुकी २०१८ च्या कादंबरीतली. लग्न आणि मुले यांचा तगादा दोघींच्याही मागे आहे. ते साम्य उघडच आहे.

गफलत होते ती वेगळेपणाच्या मुळाशी. नात्सुकीच्या मनावर जखम आहे. घरात आई आणि बहीण तिला घालूनपाडून बोलतात, शिकवणीचा शिक्षक तिचे लैंगिक शोषण करतो आणि ती आईला सांगू पाहते तेव्हा आई तिलाच दोष देते. आपण परग्रहावरचे आहोत, हा समज तिला त्या छळात तगवून धरतो. माणसांना मुले जन्माला घालण्यासाठी राबवणाऱ्या समाजाला ती ‘कारखाना’ म्हणते, आणि त्यातून सुटण्याची तिची धडपड अखेरीस नरमांसभक्षणापर्यंत जाते.

केइकोच्या बाबतीत असे काहीच घडलेले नाही. आईवडील प्रेमळ आहेत, बहीण जीव लावणारी आहे. लहानपणी बागेत मेलेला पक्षी सापडतो. इतर मुले रडत असताना ही तो हातात घेऊन आईकडे जाते आणि बाबांना याकितोरी (काडीला लावून भाजलेली कोंबडी) आवडते, तेव्हा आपण हा खाऊया, असे सुचवते. त्यात राग नाही, क्रौर्यही नाही. इतरांना हळहळ का वाटते, हेच तिला उमगत नाही. म्हणूनच तिच्या बालपणात दडलेला आघात हुडकणारी समीक्षा मला मुळीच मान्य नाही. मुरातांनी तो ठेवलेलाच नाही, आणि वाचकाने तो पदरचा घातला की केइकोला ‘बरी’ करू पाहणाऱ्या तिच्या घरच्यांच्याच रांगेत तो जाऊन बसतो.

शिवाय केइकोला सुटका नकोच आहे. सहकाऱ्यांची बोलण्याची ढब उचलून, त्यांच्यासारखे कपडे घेऊन ती आपले ‘सामान्य’पण जुळवते, आणि दुकानाच्या नियमपुस्तिकेत तिला वागण्याचा भरवशाचा आधार मिळतो. शेवटी नव्या नोकरीच्या मुलाखतीला निघालेली केइको वाटेतल्या परक्या दुकानात शिरते आणि तिथली मांडणी नीट करू लागते. पुष्कळ जण याला तिची हार म्हणतात. पण कोणाच्याही दबावाविना तिने स्वतः केलेली ही निवड आहे, आणि नात्सुकीच्या शेवटाशी तिची तुलना होऊ शकत नाही.