कैफियत (दिवाणी दावा)

दिवाणी दाव्याला प्रतिवादीने दिलेले लेखी उत्तर म्हणजे कैफियत. सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात आणि बार्शी, पंढरपूर, अक्कलकोटच्या कोर्टांत पक्षकार तिला सरसकट ‘म्हणणे’ म्हणतात. पण वादीच्या तात्पुरत्या मनाईच्या अर्जावर, म्हणजे कोर्टाच्या नोंदीतील निशाणी ५ वर, द्यायचे म्हणणे वेगळे. ते दिले म्हणून कैफियत दाखल झाली असे होत नाही.

दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील आदेश ८ प्रमाणे समन्स बजावल्यापासून ३० दिवसांत कैफियत द्यावी लागते. कारणे नोंदवून कोर्ट ही मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवते. हे ९० दिवसही समन्स हाती पडल्यापासूनच मोजायचे, म्हणून बेलिफाच्या (समन्स बजावणाऱ्या कोर्ट कर्मचाऱ्याच्या) प्रतीवर सही करताना तारीख टिपून ठेवावी. कैलाश विरुद्ध नन्हकू (२००५) या निकालाने सबळ कारण असल्यास ९० दिवसांनंतरही दार उघडे ठेवले. व्यापारी वादात ते बंद आहे. ३ लाख किंवा अधिक रकमेचा सूतउधारीचा दावा वाणिज्यिक न्यायालय कायद्याखाली चालला, तर १२० दिवसांनंतर कैफियत घेताच येत नाही. यंत्रमागधारकाने हा फरक पहिल्याच दिवशी वकिलाला विचारावा.

मुदत पाळूनही दावे हातचे जातात ते मोघम नकारामुळे. ‘दाव्यातील मजकूर खोटा आहे’ एवढ्याने भागत नाही. कलमवार उत्तर लागते आणि जे स्पष्ट नाकारले नाही ते कबूल धरले जाऊ शकते. वादी म्हणतो, ५०,००० रुपये हातउसने दिले. त्यावर ‘५०,००० रुपये मिळाले नाहीत’ हे उत्तर अपुरे आहे. त्यातून ४०,००० मिळाले असतील, अशी शंका उरते. ‘५०,००० किंवा त्यांपैकी कोणतीही रक्कम मिळाली नाही’ असे लिहावे लागते. काही मिळाले असेल तर किती, ते सांगावे लागते. रक्कम फेडली, दावा मुदतबाह्य आहे, फसवणूक झाली, हे बचावही कैफियतीतच मांडायचे.

शेवटी सही, सत्यापन (मजकूर खरा असल्याचे लेखी कथन) आणि प्रतिज्ञापत्र. कोणता मजकूर स्वतःच्या माहितीचा आणि कोणता ऐकीव, हे सत्यापनात कलमांच्या क्रमांकांसह येते. सोलापुरात अनेक पक्षकारांची घरची भाषा तेलुगू किंवा कन्नड आहे. त्यांना मराठी कैफियत त्यांच्या भाषेत समजावून सांगितल्याशिवाय सही घेणे मला गंभीर चूक वाटते, कारण उलटतपासात त्याच वाक्यांवर प्रश्न येतात. आधाराचे कागद यादीसह सोबतच जोडावेत. मागाहून आणायचे तर कोर्टाची परवानगी लागते. प्रतिदावा, म्हणजे प्रतिवादीचा वादीविरुद्धचा उलट दावा, याच कैफियतीत मांडता येतो, मात्र त्याला वेगळी कोर्ट फी पडते.

कैफियत आली नाही तर ‘नो डब्ल्यू. एस.’चा (नो रिटन स्टेटमेंट, म्हणजे कैफियतीविना दावा पुढे चालवण्याचा) हुकूम होतो. तो रद्द करण्यासाठी विलंबाच्या कारणांसह अर्ज करतात आणि सोबत तयार कैफियत जोडतात. बहुधा खर्च बसवून ती दाखल करून घेतली जाते. अर्ज फेटाळला गेल्यास उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. सोलापूरकरांना त्यासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून हा जिल्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर येथील सर्किट बेंचकडे आहे.