दोनच टायर नवे घेतले तर पुढे की मागे?

दर पावसाळ्याआधी फिरणारा सल्ला असा: 'गाडी पुढच्या चाकांवर ओढते, स्टिअरिंगही पुढेच, म्हणून दोनच टायर बदलायचे तर नवे पुढे टाका.' पटण्यासारखं आहे. पुढचे टायर लवकर झिजतात हेही खरं. तरी नवी जोडी मागेच हवी.

कारण पाणी. टायरच्या खाचा रस्त्यावरचं पाणी बाजूला फेकतात. खाच उथळ झाली की चाक पाण्यावर तरंगतं. पुढची चाकं तरंगली तर गाडी वळत नाही, सरळ जाते. अॅक्सिलरेटर हळूहळू सोडला की बहुधा पकड परत येते. मागची सुटली तर मात्र शेपूट फिरतं, आणि कशेडी किंवा आंबा घाटातल्या ओल्या वळणावर ते सावरायला वेळच मिळत नाही.

स्वतः तपासा. खाचेच्या तळाशी छोटे उंचवटे असतात, 1.6 मिमीचे. रबर झिजून त्यांना टेकलं की टायर संपला; तो पुढेही नको, मागेही नको. कोकणातल्या पावसात 3 मिमीलाच बदललेला बरा. खोली आतल्या, मधल्या, बाहेरच्या अशा तिन्ही खाचांत मोजा. एकच कड झिजली असेल तर आधी अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन नीट करून घ्या, नाहीतर नवेही तसेच जातील.

बाजूवरचे चार आकडेही वाचा: 2324 म्हणजे 2024चा 23वा आठवडा. 'नवा' टायर दुकानात किती पडून होता ते तिथेच कळतं.