खरखरीत कागदावरील स्थिरचित्रण

फळे, भांडी, कापड अशा मांडून ठेवलेल्या वस्तूंचे दाणेदार कागदावर केलेले रेखाटन. कोळसा किंवा मऊ पेन्सिल अशा कागदाच्या उंचवट्यांवरच घासली जाते, खळगे पांढरे राहतात आणि छटा ठिपक्याठिपक्यांची उमटते. महाराष्ट्रात या विषयाची ओळख बहुधा शाळेतच होते. कला संचालनालयाच्या शासकीय रेखाकला परीक्षांत एलिमेंटरीला वस्तुचित्र असते, इंटरमिजिएटला स्थिरचित्र.

कागदाला दाणा येतो तो घडणीत. ओला ताव लोकरी नमद्यांमध्ये, म्हणजे जाड लोकरी कापडांमध्ये, दाबला की नमद्याची वीण त्यावर उतरते. तापलेल्या रुळांतून काढला की ती सपाट होते. दुकानात रफ, कोल्ड प्रेस आणि हॉट प्रेस अशी नावे चालतात, पैकी रफ सर्वांत खरखरीत. झॉर्झ सरा (१८५९–९१) या फ्रेंच चित्रकाराने कॉन्टे खडूने अशाच पोताच्या कागदावर जवळजवळ बाह्यरेषेशिवाय आकार उभे केले. ती चित्रे बहुतांश माणसांची आहेत, तरी स्थिरचित्र शिकणाऱ्याने ती जरूर पाहावीत.

नागपुरात या अभ्यासासाठी संत्र्याइतकी चांगली वस्तू नाही. २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या या फळाची साल सैल असते, देठापाशी सुरकुतते आणि तिच्यावर तेलग्रंथींची बारीक छिद्रे असतात. कागदाचा दाणा आणि सालीचा दाणा सारखाच दिसतो, आणि नवशिक्याची गफलत इथेच होते. साल आपोआप साधली म्हणून तो खूश होतो. पण तोच दाणा शेजारच्या पितळी गुंडावर (पाण्याच्या भांड्यावर) आणि मागच्या पडद्यावरही उमटलेला असतो, त्यामुळे सगळ्या वस्तू एकाच मालाच्या वाटतात. म्हणून दाणा कुठे राखायचा आणि कुठे बुजवायचा हे आधी ठरवावे लागते. गुंडाच्या पोटावरची गडद छटा बोटाने किंवा गुंडाळलेल्या कागदाच्या कांडीने खळग्यांत दाबून भरावी, तिच्यालगतची चकाकी कोरी सोडावी. धातू या दोहोंच्या धारदार शेजारातून दिसतो. संत्र्यावर कोळशाची कांडी आडवी धरून हलका हात फिरवावा आणि बोट लावू नये. ओट्यावर पडलेली सावली फळाला टेकते तिथे दाट आणि पुढे विरळ होत गेली, की फळ खरोखर बसलेले वाटते. एकदा ठासून भरलेला खळगा रबराने पुरता उजळत नाही, म्हणून गडद भाग शेवटी घ्यावेत.

आंबिया आणि मृग या दोन बहारांमुळे संत्री हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत मिळतात. त्यानंतर माठ, सुरई, कैऱ्या मांडाव्यात. मे महिन्यात मात्र कूलरच्या झोताखाली काम करू नये: ओल्या हवेने कागद मऊ पडतो, फुगतो, दाण्याची धार जाते, शिवाय मांडलेल्या कापडाच्या घड्या हलतात. सकाळी उत्तरेच्या खिडकीशी बसणे उत्तम, कारण तिथली सावली तासभर तरी फारशी सरकत नाही. शासकीय चित्रकला महाविद्यालयामुळे शहरात या शिक्षणाची सोय आहे. घरी एक दिवा, एक गुंड आणि दोन संत्रीही पुरतात.

पूर्ण झालेल्या चित्रावर फिक्सेटिव्हचे, म्हणजे कोळसा पुसला जाऊ नये म्हणून फवारायच्या द्रवाचे, दोन पातळ हात द्यावेत. एकच जाड हात दिला तर खळग्यांत द्रव साचून डाग पडतात.