लोखंडी दारचौकट

विटांच्या किंवा ब्लॉकच्या भिंतीत दाराची पोलादी चौकट उभी करून ती भिंतीशी पक्की जखडण्याचे काम. नागपुरात महाल-इतवारीच्या जुन्या वाड्यांना सागवानी चौकटी असत; चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांतला साग फार लांब नव्हता. पुढे सागवान आवाक्याबाहेर गेले. हलक्या लाकडाला वाळवी लागते, पावसाळ्यात ते फुगून दार अडते. त्यामुळे बाथरूमपासून मुख्य दारापर्यंत लोखंडी चौकट रुळली.

ती दोन प्रकारची असते: अँगल (एल आकाराच्या लोखंडी पट्ट्या) वेल्डिंग करून जोडलेली, किंवा १.२५ ते १.६ मिमी जाडीचा पत्रा दाबून घडवलेली पोकळ. पोलादी दारचौकटींसाठी आयएस ४३५१ हे भारतीय मानक आहे.

चौकट बसवायची वेळही दोन प्रकारची. एक तर जोत्यावर आधी चौकट उभी करून तिच्या दोन्ही बाजूंनी जुडाई वर न्यायची (नागपूरकडे विटकामाला जुडाई आणि गिलाव्याला छपाई म्हणतात), किंवा भिंतीत जागा सोडून मागाहून बसवायची. पहिली पद्धत निश्चितच चांगली, कारण होल्डफास्ट (चौकटीला जोडलेला, भिंतीत गाडायचा लोखंडी पट्टीचा तुकडा) विटांच्या थरांत नीट गाडला जातो. मागाहून बसवताना भिंत फोडावी लागते. साडेचार इंची भिंत त्या ठोक्यांनी सैल होते, आणि ते सैलपण छपाईखाली दडते.

उभी करण्याआधी फरशीची अंतिम लेवल ठरलेली हवी. उंबरठा नसेल तर चौकटीचे पाय फरशीच्या पातळीखाली थोडे गाडले जातात. लेवल पाइपने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) काढलेली एकच खूण घरातल्या सगळ्या चौकटींना लावतात. मग ओळंबा. वरच्या टोकाशी दोरी आणि चौकट यांच्यात ५० मिमी अंतर असेल तर तळाशीही ५० मिमीच भरले पाहिजे. हे समोरून आणि बाजूनेही तपासायचे. घाईत बाजूची तपासणी राहून जाते. एक पाय किंचित पुढे आणि दुसरा मागे राहिला, तर पल्ला वर टेकतो आणि खाली उघडा राहतो. मग बिजागऱ्या कितीही हलवल्या तरी तो दोष जात नाही. शेवटी दोन्ही कर्ण मोजायचे. ते सारखे भरले की चौकट काटकोनात आहे.

चौकट बिघडते ती बहुतेक वेळा जुडाई सुरू असतानाच. दोन्ही पायांमागे विटा आणि मसाला ठासला की पाय आत दबतात. वर ९०० मिमी असलेली रुंदी मधोमध ८९२ वर येते आणि पल्ला तिथेच घासतो. त्यासाठी दोन पायांच्या मध्ये नेमक्या मापाचा लाकडी टेका द्यायचा आणि भिंत पूर्ण होऊन मसाला कडक होईपर्यंत काढायचा नाही. दुसरीकडे लागतो म्हणून तोच टेका दुसऱ्या दिवशी उचलणे ही या कामातली सर्वांत महागात पडणारी काटकसर आहे.

प्रत्येक पायाला तीन होल्डफास्ट लागतात: वरून आणि खालून साधारण फुटभर अंतरावर एकेक, तिसरा मध्यभागी. त्यांच्याभोवती १:२:४ (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीट भरतात. पत्र्याची चौकट असेल तर तिची पोकळीही मसाल्याने पूर्ण भरतात. अर्धवट भरलेल्या पोकळीत पाणी साचते. सिमेंटमध्ये लोखंड गंजापासून बऱ्यापैकी सुरक्षित राहते. झटपट पकडते म्हणून होल्डफास्ट पीओपीत (जिप्समपासून बनलेल्या प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये) बसवणे मात्र चूक, कारण ओल आली की जिप्सम लोखंडाला खाते.

नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो, आणि पाणी मारलेले काँक्रीट बघता बघता कोरडे पडते. होल्डफास्टच्या जागी ओले पोते लावून आठवडाभर ते भिजवत ठेवावे लागते. पश्चिमेच्या भिंतीतली चौकट उन्हाने तापते. ४० अंशांच्या फरकाने २.१ मीटर लोखंड सुमारे १ मिमी वाढते, विटा तितक्या वाढत नाहीत. म्हणून छपाई आणि चौकट जिथे भिडतात तिथे सुमारे १० मिमीची खाच ठेवतात. खाच नसली की भेग वेडीवाकडी जाते.

बसवण्याआधी रेड ऑक्साइड प्रायमर चारही बाजूंनी लावलेला हवा. भिंतीकडची बाजू नंतर कधीच दिसत नाही. गंज बहुधा तळातून सुरू होतो. बाथरूममध्ये, तसेच कुलरचे पाणी ठिबकून फरशीवर साचते त्या दाराशी, पायाच्या खालच्या वीतभर भागाला प्रायमरचे दोन हात जास्त द्यावेत.

मुख्य दाराची चौकट उभी करताना मुहूर्त पाहून तिला हळद-कुंकू वाहतात, आंब्याच्या पानांचे तोरण बांधतात. सागवानी चौकटीची ही रीत लोखंडी चौकटीलाही तशीच लागू झाली आहे.