क्वांटम विज्ञान व कृत्रिम बुद्धिमत्ता : माध्यमिक शिक्षणातील ओळख

साधारणतः १४ ते १८ वर्षे वयाच्या विद्यार्थ्यांना पुंज किंवा क्वांटम विज्ञान (अणू, इलेक्ट्रॉन व प्रकाश यांच्या सूक्ष्म पातळीवरील वर्तनाचे शास्त्र) आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांतील मूलभूत कल्पनांची, विद्यापीठीय गणिताची अट न घालता, ओळख करून देण्याचे शिक्षण. हे दोन विषय जोडीने मांडण्याची पद्धत अलीकडची असून तिचे मूळ विषयांच्या नात्यापेक्षा शासकीय धोरणांत अधिक दिसते. अनेक देशांनी भावी तंत्रज्ञानांच्या यादीत दोहोंना शेजारी बसवले, आणि शाळेपर्यंत ती यादीच पोहोचली. शालेय पातळीवरचा खरा दुवा गणिताचा आहे. सदिश, आव्यूह व संभाव्यता दोन्हीकडे लागतात. सदसत् (कॉम्प्लेक्स) संख्यांची गरज मुख्यतः क्वांटमला.

आरंभ : शाळेतील कृत्रिम बुद्धिमत्तेचा आरंभ कोठून धरावा याबद्दल मतभेद आहेत. एका मतानुसार तो १९६७ च्या सुमारास वॉली फ्युर्झिग, सिमूर पॅपर्ट व सिंथिया सॉलोमन यांनी घडवलेल्या लोगो या संगणकभाषेपासून धरावा. लोगो ही कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संशोधकांत रूढ असलेल्या लिस्प भाषेची वंशज. शिवाय पॅपर्ट हे मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेचे सहसंचालक होते. पडद्यावरच्या कासवाला आज्ञा देता देता मुलाने स्वतःच्या विचारप्रक्रियेकडे पाहावे, असा त्यामागचा हेतू होता. दुसऱ्या मतानुसार लोगोचा वारसा प्रामुख्याने आज्ञावली-लेखनाच्या शिक्षणाकडे गेला आणि कृत्रिम बुद्धिमत्ता स्वतंत्र विषय म्हणून २०१७ ते २०१९ या काळात शाळेत आली : चीनच्या २०१७ च्या उच्च माध्यमिक अभ्यासक्रमात तिचा ऐच्छिक घटक आला, अमेरिकेत २०१८ मध्ये डेव्हिड टुरेट्स्की यांच्या पुढाकाराने ‘एआय-फॉर-के-ट्वेल्व्ह’ हा बालवाडी ते बारावीच्या शिक्षणासाठीचा उपक्रम सुरू झाला आणि भारतात केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१९-२० पासून इयत्ता नववीला हा ऐच्छिक विषय दिला. हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. लोगोच्या वर्गात संगणक आज्ञा पाळत होता, उदाहरणांवरून शिकत नव्हता.

क्वांटमची स्थिती निराळी. प्रकाशविद्युत् परिणाम (प्रकाश पडल्याने धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर पडणे) आणि बोर यांचे १९१३ चे अणुप्रतिमान ही प्रकरणे अनेक देशांच्या पाठ्यपुस्तकांत फार पूर्वीपासून आहेत, पण बहुधा शेवटी, परीक्षेच्या तोंडावर उरकली जाणारी.

क्रमाचा वाद : प्लांक (१९००), आइन्स्टाइन (१९०५), बोर, द ब्रॉग्ली असा इतिहासाचा क्रम लावणे ही जुनी रीत. केंद्रकाभोवती ठरावीक कक्षांत फिरणारा इलेक्ट्रॉन विद्यार्थ्याच्या मनात एकदा घट्ट बसला, की पुढचे संभाव्यतेचे वर्णन त्याला पटत नाही, हा तिच्यावरील मुख्य आक्षेप. म्हणून हेल्मुट फिशलर व मिखाएल लिश्टफेल्ट यांनी १९९२ मध्ये बोर प्रतिमान टाळून थेट इलेक्ट्रॉनांपासून सुरुवात करणारी मांडणी पुढे ठेवली. बोर प्रतिमान ठेवावे, पण त्याच्या मर्यादांसह शिकवावे, असेही एक मत आहे. क्वांटम संगणनाकडे झुकलेले अलीकडचे अभ्यासक्रम दोनच अवस्था असलेल्या प्रणालीपासून, म्हणजे इलेक्ट्रॉनाच्या परिवलनापासून (स्पिन) किंवा प्रकाशाच्या ध्रुवणापासून (प्रकाशतरंगांच्या कंपनाची दिशा) आरंभ करतात. अवस्था, मापन व अध्यारोपण (एकाच वेळी दोन अवस्थांचे मिश्रण) या कल्पना त्यात लवकर हाती येतात, आणि क्युबिट, म्हणजे क्वांटम संगणकातील माहितीचे एकक, हे त्याच प्रणालीचे दुसरे नाव असल्याने पुढची वाट सोपी होते. मात्र अणूचा वर्णपट दूर राहतो.

ध्रुवणाचा नेहमीचा प्रयोग तीन पट्ट्यांचा. परस्परांशी ९० अंशांत धरलेल्या दोन ध्रुवणकारी पट्ट्यांमधून जवळजवळ काहीच प्रकाश पार होत नाही. त्यांच्यामध्ये तिसरी पट्टी ४५ अंशांत सरकवली, की अंधारलेली जागा उजळते. आदर्श पट्ट्या धरल्यास पहिल्या पट्टीतून आलेल्या प्रकाशाचा एक चतुर्थांश भाग बाहेर पडतो. हा प्रयोग क्वांटम सिद्धांताचा पुरावा म्हणून सर्रास दाखवला जातो, ते बरोबर नाही : तेजस्वी प्रकाशाच्या बाबतीत क्वांटमपूर्व, अभिजात तरंगसिद्धांत व त्यातील मालुसचा नियम (पट्ट्यांमधील कोनानुसार किती प्रकाश पार होतो हे सांगणारा) तेच उत्तर देतात. फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, एकेक करून सोडले, तेव्हा प्रत्येक जण पूर्ण पार होतो किंवा मुळीच होत नाही. क्वांटमचे वर्णन तेथे अटळ ठरते. शाळेत बहुधा या भागाचे वर्णनच करावे लागते. त्या मानाने निरनिराळ्या रंगांचे एलईडी उजळू लागण्याचे विद्युत् दाब मोजून, ते वारंवारतेसमोर आलेखावर मांडून, चढावरून प्लांक स्थिरांक (वारंवारता व ऊर्जा यांना जोडणारा क्वांटम सिद्धांतातील मूलभूत स्थिरांक) काढण्याचा प्रयोग अधिक थेट आहे. नेमका कोणता दाब ‘उजळण्याचा’ मानावा हे ठरवणे अवघड असल्याने उत्तर ढोबळच येते. (स्थिरांकाचे मूल्य २०१९ पासून व्याख्येनेच निश्चित आहे, हे येथे सांगण्याजोगे.)

प्रात्यक्षिके पुष्कळ सुचवली गेली असली, तरी अमेरिकेत मार्च २०२० मधील कार्यशाळेने क्वांटम विज्ञान शिकणाऱ्यांसाठी नऊच मुख्य संकल्पना निवडल्या. अवस्था, मापन, क्युबिट व गुंतणूक (दूरच्या कणांच्या अवस्था परस्परांशी जोडलेल्या असणे) त्यांत आहेत. खऱ्या क्वांटम संगणकाशी संपर्क २०१६ पासून शक्य झाला. त्या वर्षी आयबीएमने पाच क्युबिटांचे यंत्र आंतरजालावर सर्वांना खुले केले.

कृत्रिम बुद्धिमत्तेचे अध्यापन : टुरेट्स्की यांच्या गटाने संवेदन, ज्ञाननिरूपण व तर्क, अध्ययन, नैसर्गिक संवाद आणि सामाजिक परिणाम अशा पाच कल्पना मांडल्या, पुढील बऱ्याच अभ्यासक्रमांत त्यांची छाया दिसते. वर्गात बहुधा चित्रांच्या वर्गीकरणाने सुरुवात होते. विद्यार्थी दोन प्रकारच्या वस्तूंची छायाचित्रे देऊन प्रतिमान घडवतात. एका वस्तूची सर्व छायाचित्रे पांढऱ्या भिंतीसमोर घेतली असतील, तर यंत्र वस्तूऐवजी भिंतच शिकते, आणि डेटातील कल (एकतर्फीपणा) म्हणजे काय हे व्याख्येविना कळते. संभाषण करणाऱ्या साधनांच्या प्रसारानंतर भर वापराकडे वळला आहे. युनेस्कोने २०२३ मध्ये वर्गातील अशा वापरासाठी किमान १३ वर्षांची वयोमर्यादा सुचवली आणि २०२४ मध्ये विद्यार्थ्यांसाठी क्षमतांचा आराखडा प्रसिद्ध केला. त्याच वर्षी बल्गेरियात पहिले आंतरराष्ट्रीय कृत्रिम बुद्धिमत्ता ऑलिंपियाड झाले. संयुक्त राष्ट्रांनी २०२५ हे क्वांटम विज्ञान व तंत्रज्ञानाचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून घोषित केले होते.