पुतळ्यावरचे मेण टिकले आहे का, हे आम्ही कसे तपासतो

मेण लावल्यावर ब्राँझचा पुतळा चमकतो. पण चमक दिसते म्हणून धातू सुरक्षित आहे, असे धरून चालू नका. मेणाचा थर अगदी पातळ असतो आणि सगळीकडे सारखा झिजत नाही. डोके, खांदे, घोड्याची पाठ यांवर ऊन-पाऊस थेट पडतो आणि मेण आधी तिथूनच जाते. म्हणून शिडी लावून आम्ही आधी तेच भाग पाहतो.

सगळ्यांत मोलाची चाचणी मात्र मेण लावण्याआधीची. किनारपट्टीला खाऱ्या वाऱ्याने धातूच्या बारीक छिद्रांत क्लोराइड, म्हणजे मिठातला एक घटक, साठते. ते तसेच ठेवून वर मेण चढवले, तर ओल लागताच आतून कळंक सुरूच राहतो आणि फिकट हिरवी भुकटी बाहेर पडू लागते. नळाच्या पाण्यातही क्लोराइड असते, म्हणून शेवटची धुलाई डिस्टिल्ड पाण्याने करतो. त्या निथळाच्या नमुन्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकायचे. पाणी दुधाळ झाले, तर क्लोराइड अजून उरले आहे, म्हणून पुन्हा धुलाई. यात दिवस जातात. जयंती तोंडावर आली म्हणून ही पायरी गाळायला आम्ही तयार होत नाही.

मधमाश्यांचे मेण 62 ते 64 अंश सेल्सिअसला वितळते, शिवाय त्यात थोडे आम्लही असते. मे महिन्यात तापलेल्या काळसर ब्राँझवर मऊ मेण धूळ धरते. म्हणून आम्ही मायक्रोक्रिस्टलाइन मेण (पेट्रोलियमपासून मिळणारे, बारीक स्फटिकांचे मेण) वापरतो, गरजेनुसार त्यात ताडाच्या एका जातीच्या पानांपासून मिळणारे कठीण कार्नोबा मेण मिसळतो. तुमच्या जागी कोणते मिश्रण टिकेल, हे पाहायला त्याच धातूच्या आणि तसाच पॅटिना (धातूवर रसायनांनी आणलेला रंगाचा थर) दिलेल्या पट्ट्या पुतळ्याजवळ पावसाळाभर उघड्यावर ठेवतो. तुलनेसाठी एक पट्टी बिनमेणाची.

पावसाळा सरला की पाण्याच्या थेंबाची चाचणी. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर मेण आहे, पसरला तर ते झिजले. थर विरळ झाला तरी थेंब काही काळ उभा राहतो, त्यामुळे ठरलेल्या जागी जाडीमापकानेही मोजतो. ओतीव पृष्ठभाग खडबडीत असल्याने प्रत्येक जागी अनेक मापे घेऊन सरासरी काढतो. नोंदींची प्रत तुम्हाला देतो.

पुतळ्याच्या आतला लोखंडी सांगाडा मेणाने वाचत नाही. त्याची पाहणी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून वेगळी करून घ्या.

लिंबू, चिंच किंवा पितांबरीने पुतळा कधीच घासू नका, सोनेरी रंगही देऊ नका. दुधाचा अभिषेक झाला तर त्याच दिवशी स्वच्छ पाण्याने धुऊन मऊ सुती कापडाने टिपा. ओले हार रात्रभर गळ्यात ठेवू नका.