अंगणवाडी आणि पहिली : एका आवारात दोन खाती

अंगणवाडी ताई आणि पहिली-दुसरीचे शिक्षक यांनी ‘समन्वयाने’ काम करावं, असं हल्ली प्रत्येक परिपत्रकात असतं. सोलापूर जिल्ह्यात जिल्हा परिषद शाळेच्या आवारातच अंगणवाडी भरते अशी गावं कितीतरी आहेत. तरीही ताई आणि गुरुजी यांच्यात मुलांबद्दल बोलणं होतं ते जूनमध्ये पटनोंदणीपुरतं. याचं खापर माणसांवर फोडणं सोपं आहे. पण ही फट माणसांनी पाडलेली नाही, ती कारभाराच्या रचनेतच राहून गेली.

गंमत म्हणजे महाराष्ट्रात याची सुरुवात एकत्रच झाली होती. बालशिक्षणाचं काम करणारे गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ काढला. ताराबाई १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या, पुढे सहकारी अनुताई वाघांसह कोसबाडला. तिथल्या त्यांच्या ‘विकासवाडी’त पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच छपराखाली होती. मूल तीन वर्षांचं असो की सात, त्याच्याकडे पाहणारी माणसं तीच. आज ज्याला पायाभूत स्तर (तीन ते आठ वर्षं वयाचं शिक्षण) म्हणतात, त्याचा नमुना तेव्हाच उभा होता.

सरकारी व्यवस्था मात्र दोन वाटांनी आली. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा झाल्या आणि गावोगावच्या प्राथमिक शाळा त्यांच्या शिक्षण विभागाकडे गेल्या. अंगणवाड्या ज्या योजनेतून चालतात ती एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली, तीही देशभरात अवघ्या ३३ प्रकल्पांत. तिचा जन्म कुपोषणाच्या काळजीतून झालेला. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा (आजारी मुलाला दवाखान्यात पाठवणं), आईला आहार-आरोग्याचं शिक्षण आणि अनौपचारिक शाळापूर्व शिक्षण अशा सहा सेवांत शिक्षण हे एक. त्यामुळे ताईचा दिवस वजनकाटा, आहार आणि रजिस्टरं यांत जातो यात नवल नाही. तिच्यावर पर्यवेक्षिका आणि बालविकास प्रकल्प अधिकारी. गुरुजींवर केंद्रप्रमुख (आसपासच्या शाळांच्या गटाचा, म्हणजे केंद्राचा प्रमुख) आणि गटशिक्षणाधिकारी. तिला मानधन, त्यांना वेतन. ग्रामीण भागात दोन्ही विभाग एकाच जिल्हा परिषदेचे, पण फायली वेगळ्या. शहरात तर शाळा महापालिकेची आणि अंगणवाडी नागरी प्रकल्पाची, म्हणजे छप्परही एक नाही.

सोलापुरात या फटीची किंमत जास्त का, हे शहराच्या पूर्व भागात गेल्यावर कळतं. गिरण्या आणि यंत्रमागांच्या या शहरात पद्मशाली या विणकर समाजाची वस्ती मोठी, घरात तेलुगू. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडे कन्नड, शहराच्या अनेक मोहल्ल्यांत उर्दू. महापालिकेच्या शाळा मराठीबरोबर उर्दू, कन्नड, तेलुगू माध्यमांच्याही आहेत, पण तेलुगू घरातली बरीच मुलं मराठी पहिलीत बसतात. तहान लागल्यावर ‘नीळ्ळु’ (तेलुगूत पाणी) म्हणणारं पोर आणि ते न कळलेले शिक्षक, हा प्रसंग इथे नवा नाही. ते पोर ‘बोलतच नाही’ असा शेरा त्याच्या माथी बसतो. आदल्या वर्षी ताईशी ते भरभरून बोलत होतं, कारण ताई त्याच गल्लीतली, त्याच भाषेतली. तिला ठाऊक असलेली ही गोष्ट तिच्या कुठल्याच रजिस्टरमध्ये रकाना म्हणून नाही, मग ती पुढे जाणार कशी?

विडीचं कामही इथे लक्षात घ्यावं लागतं. कायद्याने कारखान्यात पाळणाघर सांगितलं, पण इथली बाई तेंदूपत्ता घरी आणून सुपात विड्या वळते. मूल तिच्या शेजारीच वाढतं. कुंभारीच्या विडी घरकुलासारख्या वसाहतींत म्हणूनच अंगणवाडी हे मुलाचं घराबाहेरचं पहिलं ठिकाण ठरतं. सांगोला-मंगळवेढ्याकडून ऊसतोडीला जाणाऱ्यांची मुलं तर ऐन शिकण्याच्या महिन्यांत आईबापांबरोबर कोपीवर, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या झोपडीत, असतात. तीही गोष्ट आधी ताईलाच कळते.

कायद्याने ही दरी बुजवली नाही. २००९ चा शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयोगटापुरता आहे. तीन ते सहासाठी सरकार ‘व्यवस्था करू शकेल’, एवढंच त्याच्या कलम ११ मध्ये आहे. खरा बदल २९ जुलै २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने केला. तीन ते आठ वर्षं हा एक सलग स्तर ठरला : तीन वर्षं अंगणवाडी किंवा बालवाटिका (शाळापूर्व वर्ग), मग पहिली-दुसरी. २०२१ मध्ये मुलांना लवकर वाचता-लिहिता आणि आकडेमोड करता यावी यासाठीचं निपुण भारत अभियान आणि पहिलीसाठी तीन महिन्यांचं खेळातून शिकवणारं ‘विद्या प्रवेश’ आलं. २०२२ मध्ये राज्याने ‘पहिले पाऊल’ हे शाळापूर्व तयारी अभियान घेतलं; त्यात पहिलीत येणाऱ्या मुलांचे मेळावे शाळेत भरतात.

माझ्या मते, आजवरच्या सगळ्या कागदांत या मेळाव्यांनी सर्वांत जास्त साधलं. शाळेच्या व्हरांड्यात टेबलं मांडलेली, एका टेबलावर मणी ओवणं, पुढे लहान-मोठ्याची वर्गवारी, चित्र पाहून बोलणं. आई सोबत, ताई हजर, गुरुजी हजर. निदान त्या दिवशी दोघं एकाच मुलाकडे एका वेळी पाहतात. शिवाय आपल्याकडे प्रवेशाचं वय ३१ डिसेंबरला मोजतात, म्हणून जूनमध्ये साडेपाच वर्षांची मुलंही पहिलीत असतात. त्यांना पेन्सिल धरायची घाई करू नये, हे सांगायला ताईइतकं योग्य कोण?

२०२५-२६ पासून पहिलीचा अभ्यासक्रम या धोरणावर आधारलेल्या नव्या आराखड्याप्रमाणे बदलला. मेळावे होतात, पण ताई आणि गुरुजी यांची वर्षभर होणारी बैठक अजून नेमात नाही. ताईचं काम पोषण ट्रॅकर या अंगणवाडीच्या नोंदींच्या मोबाइल अॅपवरून मोजलं जातं, शिक्षकाचं निपुणच्या चाचण्यांवरून. शाळांच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेला (शिक्षकांच्या बैठकीला) ताईला बोलवायचं तर तिला त्या दिवशी आहार वाटपातून मोकळं कोण करणार, हे दोन्ही विभागांनी मिळून ठरवावं लागेल.